आजीला रविवार कधी?

ताई, नमस्कार.

मी ३२ वर्षांची. वाकडला राहते, हिंजवडीत नोकरी करते. मुलगी सोळा महिन्यांची आहे. माझी रजा संपली तेव्हा सासू-सासरे कराडचं घर बंद करून आमच्याकडे आले, त्याला आता नऊ महिने होतील. आम्ही दोघंही सकाळी साडेआठला निघतो आणि साडेसातपर्यंत येतो. दिवसभर मुलीचं सगळं सासूबाई बघतात, ते मी कुठे नाकारतेय? पण माझं एक ऐकतील तर शपथ! भरवताना समोर मोबाइल. चहात बुडवलेलं बिस्कीट. डोळ्यांत काजळ, नाका-कानात तेल. मधावरून तर इतकं झालं की ‘आम्ही काय पोरं वाढवली नाहीत का’ म्हणत आठवडाभर अबोला धरला. सासऱ्यांनी न विचारता वॉकर आणला.

घरही माझं राहिलेलं नाही. स्वयंपाकघरातले डबे कुठल्या कुठे गेलेत. टीपॉयवर सासऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांचा कायमचा पसारा. धुतलेले कपडे ठेवायला म्हणून सासूबाई आमच्या बेडरूममधलं कपाट उघडतात. त्यांची बहीण न कळवता येऊन दोन-दोन दिवस राहते. रविवारी आम्ही थोडं उशिरा उठलो किंवा आठवड्याच्या खरेदीला गेलो तरी चेहरा उतरलेला.

शेवटी मी मुलीचं वेळापत्रक आणि नियम टाइप करून फ्रिजवर लावले. बावीस मुद्दे होते. सासूबाईंनी चष्मा लावून सगळे वाचले आणि म्हणाल्या, ‘बाहेरच्या बाईलासुद्धा रविवारची सुट्टी असते.’ तेव्हापासून कामापुरतं बोलतात. दिवाळी झाली की कराडला जाणार म्हणतात. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी काय ते बघून घ्या. पाळणाघराचा विषय काढला तर, आजी-आजोबा असताना पाळणाघर? लोक काय म्हणतील? आणि खरं सांगू, मुलगी रात्रीसुद्धा त्यांच्याच कुशीत जाते, त्याचाही त्रास होतो. मी काय करू?

ता. क. त्यांना दरमहा काही पैसे द्यावेत का? नवऱ्याला विचारलं तर तो चिडला.

– एक आई, वाकड

• • •

नमस्कार.

रविवारच्या सुट्टीबद्दलचं सासूबाईंचं वाक्य तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंय. मला तो टोमणा वाटत नाही, मागणी वाटते. नऊ महिन्यांत त्यांनी केलेली बहुधा ही पहिलीच मागणी असेल. ती नियमांच्या कागदासमोर उभं राहून करावी लागली, म्हणून तिला धार आली.

साडेआठ ते साडेसात म्हणजे अकरा तास झाले. रविवारी तुम्हा दोघांची झोप आणि खरेदी, म्हणजे तेव्हाही मूल त्यांच्याकडेच. तुमच्या कंपनीनं तुम्हाला नऊ महिने असं राबवलं असतं तर तुम्ही कधीच राजीनामा टाकला असता. सासूबाईंना तोही टाकता येत नाही. ‘जाते कराडला’ एवढंच म्हणता येतं, आणि ते त्या म्हणाल्या.

यात तुम्ही दुष्ट आहात असं मी म्हणत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. सत्ताविसाव्या आठवड्यापासून बाळ कुणी बघायचं, याला बहुतेक मराठी घरांत एकच उत्तर असतं, आणि त्या उत्तराला कुणी विचारलेलं नसतं. ‘आई येईलच’ हे गृहीत असतं. तुमच्या घरीही तसंच झालं असणार. म्हणून तुम्ही ज्या क्रमानं हे सोडवू पाहताय, तो मला उलटा वाटतो. तुम्ही नियमांपासून सुरुवात केलीत. आधी तासांचं बोला.

त्या मोबाइलचंच बघा. दुपारचे साडेबारा वाजलेत. सासूबाईंच्या हातात वरणभाताची वाटी आहे. सोळा महिन्यांचं मूल दोन घास खातं आणि धूम ठोकतं. सोफ्याच्या मागे, तिथून टीव्हीखाली, तिथून बाल्कनीच्या दाराशी. साठीच्या आसपासची बाई मागे मागे फिरतेय, खाली बसायचं, गुडघ्यावर हात देऊन उठायचं, पुन्हा बसायचं. सकाळपासून आंघोळ, दूध, दोनदा बदललेले कपडे, आपला स्वयंपाक, सासऱ्यांचं पथ्य झालेलं आहे. अशा वेळी मोबाइल डब्याला टेकवून ठेवला की मूल एका जागी बसतं आणि वाटी दहा मिनिटांत रिकामी होते. मोबाइलचे तोटे त्यांना माहीत नाहीत असं नाही. त्या वेळी घरात मदतीला दुसरं कुणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. साडेबाराला दुसरे दोन हात मिळाले तर मोबाइल बंद होईल, फ्रिजवर कितीही कागद चिकटवले तरी होणार नाही.

(सासरे त्या वेळी काय करत असतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला कुतूहल आहे. नातीला जिन्यापर्यंत फिरवून आणणं, एक फळ कापून देणं, याला वयाची आडकाठी नसते. वॉकर विकत आणण्याचा उत्साह असलेल्या माणसाला रोजचा एक तास नक्की जमेल. आणि ते त्यांना त्यांच्या मुलानं सांगावं.)

तर पहिलं काम तुमच्या नवऱ्याचं आहे. ‘तुम्ही दोघी बघून घ्या’ हे त्याला परवडणार नाही, कारण ही त्याची आई आहे, आणि मुलगीही त्याची आहे. तुम्ही सासूबाईंना सुट्टी देऊ केलीत तर ती सुनेनं दिलेली रजा होते, मालकिणीनं द्यावी तशी. मुलानं आईजवळ बसून बोललं की तेच वेगळं होतं. त्यानं काय बोलावं? फार काही नाही. ‘आई, तुला न विचारताच आम्ही सगळं तुझ्या अंगावर टाकलं. तू कराड सोडून आलीस, तुला काय हवंय ते एकदाही विचारलं नाही. आता सांग, किती झेपतंय? किती दिवस राहायची इच्छा आहे?’ एवढं बोलून गप्प बसावं. त्या आधी ‘मला काही नको’ म्हणतील. मग रडतील किंवा ओरडतील. मग खरं काय ते सांगतील. त्या वेळी त्यानं तुमची बाजू मांडू नये, तुमची तक्रारही काढू नये. आणि तुम्ही त्या बैठकीला नसलात तरी चालेल, किंबहुना नसलेलंच बरं.

त्यातून जे निघेल ते निघेल, पण दोन गोष्टी तुम्ही दोघांनी आधीच ठरवून ठेवा. एक, रविवार तुमचा. सकाळी मूल उठल्यापासून ते रात्री झोपेपर्यंत आंघोळ, भरवणं, शी-शू सगळं तुम्ही दोघं करा आणि खरेदीला तिला बरोबर न्या. सासूबाईंना त्या दिवशी झोपायचं असेल तर झोपू दे, देवळात जायचं असेल तर जाऊ दे, नातीबरोबर खेळायचं असेल तर तेही खुशीनं. दोन, दर महिन्याला चार-पाच दिवस कराड. घराला नऊ महिने कुलूप आहे. शेजारच्या बायका, भिशी, संध्याकाळी प्रीतिसंगमावर जाऊन बसणं, हे सगळं त्यांनी सोडलंय, आणि वाकडच्या सोसायटीत त्यांना ओळखणारं कोण आहे? स्वारगेटहून कराडची एसटी दिवसभर असते, महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. प्रश्न तिकिटाचा नव्हताच कधी. त्या चार दिवसांत तुम्ही दोघं आळीपाळीनं रजा घ्या किंवा घरून काम करा. घरून काम करताना सोळा महिन्यांचं मूल सांभाळणं काय असतं हे नवऱ्याला एकदा कळलं की बाकीचं समजावणं बरंच सोपं होईल.

आता पाळणाघर. लोक काय म्हणतील हे सोडून द्या. लोक तुमच्या मुलीला साडेबाराला भरवायला येत नाहीत. आजी-आजोबा असताना पाळणाघर हा अपमान नसतो, तो आजीचा आराम असतो. पूर्ण दिवस ठेवायची गरजही नाही. सकाळी नऊ ते दुपारी एक, मग आजी. दमलेलं मूल जेवून झोपतं, आजीलाही पाठ टेकता येते आणि संध्याकाळी दोघींची खेळायला ताकद उरते. तुमच्या ऑफिसातही चौकशी करा. ज्या आस्थापनेत ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, असं कायद्यात आहे. बऱ्याच ठिकाणी ही सोय कुणी मागत नाही म्हणून कागदावरच राहते. बाहेरचं पाळणाघर निवडताना भिंतीवरच्या कार्टूनपेक्षा हे बघा: एका बाईकडे किती मुलं आहेत, झोपवतात कुठे, आणि न सांगता अकरा वाजता गेलात तर आत येऊ देतात का. आणि बघायला जाताना सासूबाईंना बरोबर न्या. मुलांना सांभाळणाऱ्या बाईची पारख तुमच्यापेक्षा त्यांना जास्त असेल.

हे सगळं मार्गी लागलं की मग नियम. तो कागद आधी काढून टाका. बावीस मुद्दे वाचून कुणालाही आपण नापास झालोय असंच वाटेल. आणि त्यातले बरेच मुद्दे अशा भांडणाच्या लायकीचे नाहीत, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते.

मधाचं घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. तेव्हा तुम्ही बरोबर होतात, शंभर टक्के. पण तुमची मुलगी आता सोळा महिन्यांची आहे आणि तो धोका वर्षाखालच्या बाळांसाठी आहे. साखरेसारखाच मधही जपूनच द्यायचा, एवढं उरतं. तो अबोला आता विसरा. तेलाच्या मालिशीला काहीच हरकत नाही, उलट चांगली. नाका-कानात मात्र तेल नको. काजळात शिसं असू शकतं, म्हणून डोळ्यांत नको, पण कानामागे किंवा तळपायाला तीट लावली तर आजीचीही दृष्ट काढून होते आणि डॉक्टरही काही बोलत नाहीत. चहा अजिबात नको, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. बिस्कीट रोजचं नको. पण सासूबाईंच्या बहिणीनं आणलेलं एखादं हातात दिलं म्हणून आकाश कोसळत नाही.

वॉकरबाबत मी तुमच्या बाजूनं आहे. बसून पळवायच्या त्या वॉकरमध्ये मुलं क्षणात जिन्यापर्यंत, गॅसपर्यंत पोचतात, आणि चालायला त्यानं मदत होत नाही. कॅनडानं तर २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. तुमची मुलगी एव्हाना चालत असेल, तेव्हा त्याचं काम तसंही संपलंय. सासऱ्यांना दुखवायचं नसेल तर त्याच्या बदल्यात लाकडी पांगुळगाडा आणा. उभं राहून ढकलायचा, आपला जुनाच. त्यांनी लहानपणी तोच ढकलला असेल.

स्क्रीनचं म्हणाल तर दोन वर्षांखाली नकोच, असं भारतीय बालरोग संघटनाही सांगते, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची सूचनाही एक वर्षाच्या मुलांसाठी हेच सांगते. पण हे तुम्ही सांगू नका. तुम्ही सांगितलं की ते सुनेचं मत होतं. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतो, म्हणजे डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच आहे. सासूबाईंना बरोबर न्या, खुर्चीवर त्यांना बसवा, मूल त्यांच्या मांडीवर. डॉक्टरांना सांगा, दिवसभर हिला आजीच सांभाळतात, त्यांना काही विचारायचंय. मग त्यांनाच विचारू दे, त्यांनाच ऐकू दे. घरी येऊन त्या स्वतःच नवऱ्याला आणि तुम्हाला सांगतील की मोबाइल नको म्हणालेत डॉक्टर. तेव्हा ‘मी हेच सांगत होते’ एवढं मात्र म्हणू नका.

आणि आता ज्या गोष्टीनं मी पत्र वाचताना दचकले, ती. टीपॉयवरचा गोळ्यांचा पसारा. तुम्ही तो पसारा म्हणून लिहिलाय. तो पसारा नाही, घरातली सगळ्यात धोकादायक वस्तू आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की एक जरी लहान मुलाच्या पोटात गेली तरी रक्तातली साखर जिवावर बेतेल इतकी खाली येऊ शकते. बीपीच्या काही गोळ्याही अशाच जिवावर बेतू शकतात. आणि सोळा महिन्यांच्या मुलीला रंगीत गोळी आणि खाऊ यातला फरक कळत नाही. हे आजच उचला. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, झाकण घट्ट लागेल अशा डब्यात. सासऱ्यांना विसरायला होतं म्हणून ते समोर ठेवत असतील, तर त्यांच्या फोनवर दोन अलार्म लावून द्या. तसंच बाथरूममध्ये भरून ठेवलेली बादली. पुण्यात टँकरच्या दिवसांत आपण सगळेच बादल्या-टब भरून ठेवतो, पण वाकून डोकावणारं मूल थोड्याशा पाण्यातही तोंडावर पडून बुडू शकतं. दाराला वरून कडी. आणि फुटाणे, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं नकोत, घशात अडकतात. या तीन गोष्टी तुमच्या बावीस मुद्द्यांत होत्या का? मला शंका आहे. यांवर कुणाशीही तडजोड करू नका, सासऱ्यांशीही नाही. या तीन, मोबाइल आणि वर ज्याला मी ‘नको’ म्हटलंय ते, एवढंच धरून ठेवा. बाकीच्यात सासूबाईंना त्यांच्या पद्धतीनं वागू द्या.

डब्यांचं तर सोडूनच द्या. स्वयंपाकघरात जो दिवसातून चार वेळा उभा राहतो, त्याच्या हाताला लागतील तसेच डबे असणार. तुम्हाला सकाळी चहा-साखर सापडत नसेल तर एक कप्पा तुमचा म्हणून मागून घ्या. बेडरूमचं कपाट मात्र तुमचं आहे आणि ते सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. रागावून नाही, ‘कपडे बेडवर ठेवा आई, लावायचं मी बघते’ इतकं पुरतं. तरीही उघडत राहिल्या तर नवऱ्यानं सांगावं. मावशी न कळवता येतात, त्याचा तुम्हाला त्रास होणं साहजिक आहे. पण नऊ महिने परक्या शहरात राहणाऱ्या बाईला बहीण भेटायला येते, हे लक्षात घेऊन आदल्या दिवशी फोन करायला सांगा, यायला नको असं नको.

मुलगी रात्री आजीकडे जाते, याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, पण माझ्या मते सगळ्या पत्रात खरं दुखणं तेच आहे. दिवसातले अकरा तास जिच्याजवळ, रात्री तिच्याकडेच जाणार. यात तुमची हार नाही. रविवार पूर्ण तुमचा झाला आणि संध्याकाळी घरी आल्यावर पहिला तासभर फोन बाजूला ठेवून तिच्याबरोबर बसलात की हळूहळू ती तुमच्याकडेही येईल. आजीकडे जायची थांबणार नाही, आणि थांबावी असं तुम्हालाही वाटू नये.

हे सगळं करूनही सासूबाई दिवाळीनंतर जायचंच म्हणाल्या तर? जाऊ द्या. मनापासून जाऊ द्या. त्यासाठी पाळणाघराची जागा आतापासून बघून ठेवा, म्हणजे त्यांच्या जाण्याला शिक्षेचं रूप येणार नाही. भांडून राहण्यापेक्षा चांगल्या मनानं गेलेली आजी सणावाराला, सुट्टीला, मुलीच्या आजारपणात पुन्हा येते.

ता. क. मधल्या प्रश्नाचं. पगार नको. नवरा चिडला ते बरोबरच, आईला पगार म्हटलं की कुणालाही टोचेल. पण त्यांचे पैसे खर्च होऊ देणं हेही बरोबर नाही, आणि मला वाटतं तिकडे तुमचं लक्ष नसेल. भाजी कोण आणतं? दुपारी आलेल्या दूधवाल्याला, खेळणीवाल्याला सासरेच पेन्शनमधून देत असतील. वॉकर त्यांच्याच पैशांचा होता. कराडच्या घराची पट्टी, वीजबिल? हे सगळं नवऱ्यानं आपल्याकडे घ्यावं, न बोलता. घरखर्चाचं एक कार्ड किंवा रोख सासूबाईंच्या हातात ठेवा आणि हिशेब मागू नका. त्यांचे गुडघे एकदा चांगल्या डॉक्टरांना दाखवा, औषधं आणि व्यायाम शिकवणाऱ्याची फी तुमची. आणि घरकामाला बाई नसेल तर उद्याच लावा: भांडी, केर-फरशी, शक्य असेल तर पोळ्याही. सासूबाई म्हणतील, कशाला उगाच खर्च, मी करते की. तरी लावा. तिला मात्र रविवारची सुट्टी द्यायला विसरू नका.